‘सेक्ट’ : अनुयायांचे नाव, फुटिरांचा शिक्का

प्रस्थापित धर्मसत्तेपासून किंवा सर्वमान्य मतापासून वेगळी वाट धरणाऱ्या गटांसाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत, परंतु त्यांपैकी ‘सेक्ट’ या शब्दाने जितकी वळणे घेतली तितकी क्वचितच एखाद्या शब्दाने घेतली असतील. मराठीत त्यासाठी ‘पंथ’ किंवा ‘संप्रदाय’ हे प्रतिशब्द वापरले जातात आणि ते बऱ्याच अंशी योग्यही आहेत. मात्र वारकरी संप्रदाय किंवा नाथ पंथ म्हणताना मराठी बोलणाऱ्याच्या मनात जो आदर सहज असतो, तो ‘सेक्ट’ उच्चारणाऱ्या आजच्या इंग्रजी भाषकाच्या मनात बहुधा नसतो. या शब्दात संकुचितपणाची, हेकेखोरपणाची आणि मुख्य प्रवाहातून फुटून निघाल्याची छटा आहे, आणि ‘सेक्टेरियन’ या विशेषणात तर ती रक्तपातापर्यंत पोहोचते. ही छटा शब्दात जन्मतः नव्हती. ती कशी आली, हे शोधू लागल्यास असे दिसते की कोणत्या गटाला हे नाव मिळाले यापेक्षा, नाव ठेवण्याचा अधिकार त्या काळी कोणाच्या हाती होता, यावरच शब्दाचा अर्थ वेळोवेळी ठरत गेला.

शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘सेक्टा’ या नामात आहे. हे नाम ‘सेक्वी’ म्हणजे ‘मागून जाणे, अनुसरणे’ या क्रियापदापासून झाले आणि अभिजात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘अनुसरलेली वाट’, ‘आचारपद्धती’ आणि पुढे ‘एखाद्याच्या मागून जाणारी मंडळी’ असा होता. संस्कृतातील ‘सच्’ हा सोबत असणे, मागोमाग जाणे या अर्थाचा धातू याच क्रियापदाचा सगोत्र आहे, आणि ‘सचिव’ हा शब्द त्याच धातूचा वंशज मानला जातो. इंग्रजीतील ‘सीक्वेन्स’, ‘सेकंड’, ‘परस्यू’ आणि न्यायालयातील ‘सूट’ म्हणजे दावा, हेही सर्व त्याच कुळातले. लॅटिनमध्ये याच्याशी उच्चाराने मिळतेजुळते, परंतु सर्वस्वी निराळे असे ‘सेकारे’ म्हणजे ‘कापणे’ हे दुसरे क्रियापद होते, ज्यापासून ‘सेक्शन’, ‘सेक्टर’ आणि ‘इन्सेक्ट’ हे शब्द निघाले. ‘सेक्ट’ म्हणजे मूळ देहापासून कापून वेगळा झालेला तुकडा, ही समजूत या ध्वनिसाम्यातून निर्माण झाली आणि ती आजही पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती चुकीची असली, तरी चुकीच्या व्युत्पत्तीलाही इतिहास घडवता येतो. कारण ज्यांना हा शब्द दूषण म्हणून वापरायचा होता त्यांना ‘अनुयायी’पेक्षा ‘तुकडा’ हा अर्थ अधिक सोयीचा होता. शेक्सपिअरने ‘ऑथेल्लो’ नाटकात झाडाच्या छाटलेल्या फांदीसाठी ‘सेक्ट’ हा शब्द वापरला आहे, यावरून सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी कानाला त्यात कापण्याचा ध्वनी ऐकू येत होता, असे मानण्यास जागा आहे. त्याच्या हजार वर्षे आधी, सातव्या शतकाच्या आरंभी, सेव्हिलचा बिशप इसिडोर याने आपल्या व्युत्पत्तिविषयक ज्ञानकोशात मात्र हा शब्द अनुसरण्यावरून आला, असे स्पष्ट नोंदवून ठेवले होते.

रोमन काळात ‘सेक्टा’ हा बऱ्यापैकी प्रतिष्ठित शब्द होता. सिसेरो आणि सेनेका यांच्या लेखनात तो तत्त्वज्ञानाच्या शाखांसाठी येतो: स्टोइक, एपिक्युरसचे अनुयायी, प्लेटोच्या अकादमीचे लोक, हे सगळे आपापल्या ‘सेक्टा’चे होते आणि त्यात कमीपणाचे काही नव्हते. रोमन विधिज्ञांमध्येही सॅबिनसच्या आणि प्रोक्युलसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन परंपरा होत्या आणि त्यांचे मतभेद पुढे कायद्याच्या ग्रंथांत सन्मानाने नोंदले गेले. वैद्यकाची गोष्ट तर अधिकच उद्बोधक आहे. दुसऱ्या शतकातील प्रसिद्ध वैद्य गॅलन याने नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला एक ग्रंथ ‘दे सेक्टिस’, म्हणजे ‘शाखांविषयी’, या लॅटिन नावाने ओळखला जातो. त्यात त्याने वैद्यांचे तीन गट सांगितले आहेत: केवळ अनुभवावर विसंबणारे, रोगाची अदृश्य कारणे तर्काने शोधणारे, आणि शरीराच्या काही ठरावीक सामान्य अवस्था ओळखून त्यांवरून उपचार ठरवणारे. गॅलनचा या तिन्हींशी कमीअधिक वाद होता, तथापि रोग्यापुढे बसताना कोणती विचारपद्धती स्वीकारावी हे विद्यार्थ्याने स्वतः पारखून ठरवले पाहिजे, हे त्याने गृहीत धरले होते. तेथे ‘सेक्टा’ असण्यासाठी आधी एखादी एकसंध संस्था असावी आणि मग तिच्यातून फुटावे लागावे, अशी कल्पनाच नव्हती. सर्व शाखा एकमेकींच्या शेजारी उभ्या होत्या.

गॅलनने मूळ ग्रंथ ग्रीकमध्ये लिहिला आणि तेथे त्याचा शब्द होता ‘हैरेसिस’. पुढील सर्व गुंतागुंत या ग्रीक शब्दापाशी सुरू होते. तो ‘निवडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला असून त्याचा अर्थ ‘निवड’ आणि म्हणून ‘निवडलेली विचारसरणी’ असा होता. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने आपल्या वाचकांना ज्यू समाजातील फॅरिसी, सॅड्युसी आणि एसीन या तीन गटांची ओळख करून देताना हाच शब्द वापरला, म्हणजे त्याने आपल्या धर्मातील मतप्रवाहांना ग्रीक तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या बरोबरीने बसवले. लॅटिनमधील ‘सेक्टा’ म्हणजे अनुसरण आणि ग्रीकमधील ‘हैरेसिस’ म्हणजे निवड. मुळात निराळ्या अर्थांचे हे दोन शब्द भाषांतरामुळे एकमेकांत मिसळले आणि पुढे इंग्रजीत ‘सेक्ट’ व ‘हेरेसी’ म्हणजे पाखंड, अशा दोन वाटांनी फाकले.

हे मिसळणे प्रत्यक्ष कसे घडले, हे बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात स्वच्छ दिसते. कैसरिया येथे रोमन सुभेदार फेलिक्ससमोर ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल याच्यावर खटला चालतो, तेव्हा फिर्यादींचा वकील तर्तुल्ल त्याच्यावर नासोरी लोकांच्या, म्हणजे येशूच्या अनुयायांच्या, ‘हैरेसिस’चा म्होरक्या असल्याचा आरोप ठेवतो. पौल उत्तर देताना तो शब्द स्वतःसाठी स्वीकारत नाही. आपण एका ‘होदोस’चे, म्हणजे मार्गाचे, आहोत आणि समोरचे लोक त्यालाच ‘हैरेसिस’ म्हणतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. एकाच समूहाला विरोधक एका नावाने आणि तो समूह स्वतःला दुसऱ्या नावाने ओळखतो, याची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद दुसरीकडे सहसा सापडत नाही. यापुढची गोष्ट भाषांतराची आहे. लॅटिन बायबलमध्ये तर्तुल्लाच्या तोंडच्या ‘हैरेसिस’साठी ‘सेक्टा’ आला आणि पौलाच्या तोंडच्या ‘मार्ग’ या शब्दासाठीही ‘सेक्टा’च आला, कारण वाट हा त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत होता. परिणामी फिर्यादीचे दूषण आणि आरोपीचे आत्मवर्णन ही दोन्ही एकाच शब्दात येऊन बसली. १६११ च्या इंग्रजी बायबलात वकिलाच्या तोंडी ‘सेक्ट’, पौलाच्या उत्तरात ‘वे’ म्हणजे मार्ग आणि विरोधकांनी दिलेल्या नावासाठी ‘हेरेसी’ असे तीन शब्द आले आणि ग्रीकमध्ये दोनदा आलेला एकच शब्द इंग्रजी वाचकाला दोन वेगवेगळे शब्द म्हणून भेटला.

ख्रिस्ती लोक स्वतः अल्पसंख्य आणि छळ सोसणारे होते, तोपर्यंत त्यांना ‘सेक्टा’ या नावाचे वावडे नव्हते. उत्तर आफ्रिकेतील लेखक टर्टुलियन याने १९७ च्या सुमारास आपल्या धर्माचा रोमन अधिकाऱ्यांपुढे बचाव करताना ख्रिस्ती समूहासाठी हा शब्द निःसंकोचपणे वापरला आहे. सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिल्यावर ३१४ मध्ये सिराक्यूजच्या बिशपला पाठवलेल्या पत्राच्या ग्रीक रूपात तर ‘कॅथलिक हैरेसिस’ असा, आज कानाला अशक्य वाटणारा शब्दप्रयोग आढळतो. पण काळ बदलत होता. त्याआधीच सुमारे १८० मध्ये लियाँचा बिशप आयरेनियस याने खोट्या शिकवणुकींविरुद्ध मोठा ग्रंथ लिहून ‘निवड’ या कल्पनेलाच संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले होते: सत्य प्रेषितांकडून परंपरेने आलेले असेल, तर त्यात निवड करणारा माणूस सत्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग उचलतो, अशी या विचाराची मांडणी होती. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या आदेशाने या विचाराला राजदंडाचे बळ मिळाले. राज्याने मान्य केलेली श्रद्धा न मानणाऱ्यांना पाखंडी हे नाव धारण करावे लागेल आणि त्यांच्या जमण्याच्या जागांना चर्च म्हणता येणार नाही, असे त्यात ठरवले गेले. जो शब्द वादविवादात उगारला जात होता तो आता कायद्याच्या कलमात आला.

नावाच्या या कायदेशीर बळाचा अर्थ उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्टांच्या उदाहरणातून कळतो. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार वैध मानावेत की नाही, यावरून चौथ्या शतकाच्या आरंभी ते मुख्य चर्चपासून वेगळे झाले होते. सिद्धांतात त्यांचा आणि इतरांचा फारसा फरक नव्हता. सिद्धांत मोडणे ते पाखंड आणि सिद्धांत तोच ठेवून ऐक्य मोडणे ती फूट, ज्यासाठी इंग्रजीत ‘स्किझम’ हा शब्द आहे, असा भेद त्या काळच्या धर्मपंडितांनीच केलेला होता, आणि त्यानुसार डोनॅटिस्ट हे फुटीर होते, पाखंडी नव्हते. तरीही ४०५ च्या राजाज्ञेने त्यांना पाखंडी ठरवले, कारण पाखंडासाठीच्या शिक्षा कायद्यात आधीच तयार होत्या आणि त्या लागू करायच्या तर नाव बदलणे आवश्यक होते.

भारतीय वाचकाला या ठिकाणी ‘पाखंड’ या शब्दाचीच आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण त्याची कथा याला विलक्षण समांतर आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही धार्मिक समूहासाठी येतो. सर्व पासंडांचा सन्मान करावा, आपल्या पासंडाची अवाजवी स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची विनाकारण निंदा टाळावी, हाच त्या लेखाचा विषय आहे. कंदाहार येथे या लेखाचा ग्रीक अनुवाद सापडला असून त्यात ‘पासंड’साठी ‘दियात्रिबे’, म्हणजे तत्त्वज्ञानाची शाखा, असा आदरयुक्त शब्द योजलेला आहे. पुढे मनुस्मृतीत आणि पुराणांत हाच शब्द वेदबाह्य, अतएव बहिष्कार्य लोकांसाठी रूढ झाला आणि मराठीत ‘पाखंडी’ म्हणून उतरला. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही परंपरांत सर्वांना लागू होणारा शब्द ‘आपण सोडून बाकीचे’ या अर्थाला येऊन थांबला, हा योगायोग नव्हे. जेथे एक परंपरा स्वतःला मोजमापाची पट्टी मानू लागते, तेथे इतरांची सामान्य नावे अशीच काळवंडतात.

इंग्रजीत ‘सेक्ट’ हा शब्द फ्रेंचमधून चौदाव्या शतकात आला, तेव्हा त्याचा अर्थ बराच सैल होता. धर्म, वर्ग, एकाच प्रकारची माणसे, एकसारखा पोशाख करणारी मंडळी, हे सर्व त्यात बसत असे. मध्ययुगीन कायद्याच्या लॅटिनमध्ये ‘सेक्टा’ म्हणजे जमीनदाराच्या न्यायसभेला हजर राहण्याचे किंवा त्याच्याच गिरणीत धान्य दळून घेण्याचे कुळावरील बंधन होते, आणि त्याचेच ‘सूट’ हे रूप एकीकडे दाव्यासाठी व दुसरीकडे एकाच कापडाच्या पोशाखासाठी उरले. याच शतकात ऑक्सफर्डचा धर्मपंडित जॉन विक्लिफ याने या शब्दाला एक धाडसी वळण दिले. ज्याच्यावर पाखंडाचा आरोप होत होता त्या विक्लिफने सधन धर्मगुरू, मठवासी, कॅनन आणि भिक्षुसंघ हेच ‘चार नवे सेक्ट’ असल्याचे सांगितले, कारण ते ख्रिस्ताला सोडून आपापल्या संस्थापकांच्या मागून जातात. खरा ‘सेक्ट’ एकच, तो ख्रिस्ताचा. अनुसरणे हा मूळ अर्थ धरून त्याने प्रस्थापितांचे शस्त्र त्यांच्यावरच फिरवले होते. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांना, म्हणजे लोलार्डांना, दडपण्यासाठी १४०१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने पाखंड्यांना जिवंत जाळण्याचा कायदा केला.

या शब्दाचा खरा सुकाळ सतराव्या शतकात झाला. इंग्लंडमधील १६४२ पासूनच्या यादवी युद्धात राजसत्ता आणि बिशपांची सत्ता एकदमच डळमळली, छापखान्यांवरील नियंत्रण ढिले पडले आणि पूर्वी कुजबुजीतही न येणारी मते रस्त्यावर पत्रकांतून विकली जाऊ लागली. बॅप्टिस्ट मोठ्या माणसांनाच बाप्तिस्मा देत होते, लेव्हलर मताधिकाराचा विस्तार मागत होते, डिगर पडीक जमीन सामाईकपणे कसत होते, आणि क्वेकर कोणाही धर्मगुरूवाचून शांत बसून अंतरातील प्रकाशाची वाट पाहत होते. या सगळ्यांसाठी ‘सेक्टरी’ हा हेटाळणीचा शब्द सर्रास वापरला जाऊ लागला, आणि प्रेस्बिटेरियन धर्मगुरू टॉमस एडवर्ड्स याने १६४६ मध्ये ‘गँग्रीना’ या नावाचा ग्रंथ लिहून अशा मतांची जंत्रीच दिली. ग्रंथाचे नावच या मतांना शरीर सडवणाऱ्या रोगाचा दर्जा देणारे होते. या गटांची बहुतेक नावे त्यांच्या निंदकांनी ठेवलेली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘क्वेकर’ म्हणजे थरथरणारे, हे नाव १६५० मध्ये डर्बीच्या एका न्यायाधीशाने त्या गटाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याला चिडवून दिले, असे फॉक्सनेच लिहून ठेवले आहे. ते लोक स्वतःला ‘मित्र’ म्हणवत. ‘प्युरिटन’ आणि पुढच्या शतकातील ‘मेथडिस्ट’ ही नावेही थट्टेतूनच जन्मली.

१६६० मध्ये राजेशाही परत आली आणि १६६२ च्या एकरूपता कायद्याने प्रत्येक धर्मगुरूला अधिकृत प्रार्थनापुस्तक पूर्णपणे मान्य करणे सक्तीचे केले. यादवीनंतरच्या या काही वर्षांत सुमारे २,००० धर्मगुरूंना आपली पदे सोडावी लागली. येथून ‘डिसेंटर’ म्हणजे मतभेद नोंदवणारे आणि ‘नॉनकन्फॉर्मिस्ट’ म्हणजे एकरूपता न पाळणारे हे दोन शब्द इंग्रजी समाजजीवनात पक्के झाले. ‘सेक्ट’मध्ये जी हेटाळणी होती ती या शब्दांत तुलनेने कमी होती, कारण त्यांत कृती नेमकी सांगितलेली होती: या लोकांनी सही केली नाही, एवढेच. या निश्चयाची किंमत मात्र मोठी होती. १६६४ च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाचांहून अधिक माणसांनी वेगळ्या उपासनेसाठी एकत्र जमणे गुन्हा ठरवले, आणि १६६५ च्या कायद्याने पदच्युत धर्मगुरूंना त्यांच्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत येण्यास बंदी केली. परवान्यावाचून प्रवचन केल्याबद्दल जॉन बनियन बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे राहिला. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चे ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी रूपांतर हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये केले. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने प्रॉटेस्टंट डिसेंटरांना उपासनेची मोकळीक मिळाली, परंतु सार्वजनिक पदांवरील कायदेशीर अडसर १८२८ पर्यंत हटले नाहीत आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील धार्मिक अटी तर बहुतांशी १८७१ मध्येच गेल्या.

विद्यापीठांची दारे बंद असल्यामुळे डिसेंटरांनी स्वतःच्या अकादमी काढल्या, आणि तेथे लॅटिन-ग्रीकबरोबर विज्ञान, आधुनिक भाषा व इतिहास शिकवला गेला. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते तो जोसेफ प्रीस्टली अशाच एका अकादमीचा विद्यार्थी आणि दुसरीचा शिक्षक होता. महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध दोन ठिकाणी प्रत्यक्ष जुळतो. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापणारा विल्यम केरी हा बॅप्टिस्ट होता, म्हणजे आपल्या देशात डिसेंटर म्हणून दुय्यम ठरलेला माणूस होता. कंपनी सरकार मिशनऱ्यांना प्रतिकूल असल्याने त्याच्या मंडळीने डॅनिश अमलाखालील श्रीरामपूरचा आश्रय घेतला होता. दुसरा दुवा विठ्ठल रामजी शिंदे यांचा. प्रार्थना समाजाचे हे कार्यकर्ते १९०१ ते १९०३ या काळात तौलनिक धर्माच्या अभ्यासासाठी ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते, आणि ही संस्था १७८६ मध्ये मँचेस्टर येथे डिसेंटर अकादमी म्हणूनच सुरू झाली होती. भारतात परतल्यानंतर १९०६ मध्ये शिंदे यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. नाकारलेल्यांनी उभारलेल्या शाळेतून शिकून आलेल्या माणसाने आपल्या समाजातील नाकारलेल्यांसाठी आयुष्य वेचावे, यातील संगती मनाला भिडणारी आहे.

बाहेरून पाहणाऱ्या फ्रेंच लेखकांना इंग्लंडमधील या गटांच्या गर्दीत वेगळेच काही दिसले. व्होल्तेरने १७३०च्या दशकात इंग्लंडविषयी लिहिलेल्या पत्रांत असा विचार मांडला की एकच धर्मपंथ असलेल्या देशात जुलूम होतो, दोन असलेल्या देशात कत्तल होते, आणि पुष्कळ असलेल्या देशात शांतता नांदते. पुढे आपल्या तत्त्वज्ञानकोशात मात्र त्याने भूमितीत कोणी ‘सेक्ट’ नसतात याकडे बोट दाखवून, जेथे सत्य सिद्ध करता येत नाही तेथेच पंथ उपजतात असे सुचवले. गॅलनच्या विद्यार्थ्यांना हे पटले नसते.

विसाव्या शतकात समाजशास्त्रज्ञांनी हा डागाळलेला शब्द धुऊन पुन्हा वापरात आणण्याचा प्रयत्न केला. माक्स वेबर १९०४ मध्ये अमेरिकेत गेला असता त्याला आढळले की तेथे एखाद्या लहान, काटेकोर प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासदत्व हे माणसाच्या व्यवहारातील सचोटीचे प्रमाणपत्र मानले जाते, कारण ती मंडळी पारखूनच सभासद घेते. त्यावरून त्याने चर्च आणि सेक्ट यांत असा भेद केला की चर्चमध्ये माणूस जन्माने येतो, तर सेक्टमध्ये आपल्या निर्णयाने आणि इतरांच्या संमतीने येतो. त्याचा सहकारी अर्न्स्ट ट्रॉल्च याने १९१२ च्या ग्रंथात याला आणखी एक पदर जोडला: चर्च हे राज्य आणि समाज यांच्याशी जुळवून घेते, सेक्ट त्यांच्यापासून अंतर राखते किंवा त्यांना विरोध करते. अमेरिकन विचारवंत एच. रिचर्ड नीबूर याने १९२९ मध्ये काळाचा प्रश्न उपस्थित केला. संस्थापकांची पिढी स्वेच्छेने आलेली असली तरी त्यांची मुले जन्मानेच आत असतात, शिस्तीमुळे आणि काटकसरीमुळे मंडळीची सांपत्तिक स्थिती सुधारते, आणि एक-दोन पिढ्यांत बंडखोर गट प्रतिष्ठित ‘डिनॉमिनेशन’ होऊन बसतो, म्हणजे इतर अनेक मान्यताप्राप्त मंडळ्यांतील एक होतो. मग त्याच्यातील असमाधानी, बहुधा गरीब, लोक पुन्हा नवा सेक्ट काढतात. मेथडिस्टांच्या इतिहासाला हे वर्णन चांगले लागू पडते. या मांडणीत एक उणीव अशी की ती ख्रिस्ती युरोप-अमेरिकेच्या अनुभवातून आली आहे आणि ‘चर्च’ नावाची एक मध्यवर्ती संस्था ती गृहीत धरते. तरीही शब्दातील तिरस्कार काढून त्याजागी पाहता येण्याजोगे लक्षण ठेवणे, हे तिचे श्रेय मोठे आहे.

हे श्रेय व्यवहारात टिकले नाही. १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाउन येथे एका धर्मगुरूच्या ९०० हून अधिक अनुयायांचा मृत्यू झाल्यानंतर अशा बंदिस्त गटांविषयी सर्वत्र धास्ती पसरली. इंग्रजीत हा भार ‘कल्ट’ या शब्दाने उचलला, जो मूळ लॅटिनमध्ये केवळ पूजेचा वाचक होता. फ्रेंच आणि जर्मन भाषांत मात्र ‘सेक्ट’चीच रूपे त्या अर्थाने चालू लागली. फ्रान्सच्या संसदीय समितीने १९९५ च्या अहवालात अशा गटांची यादी प्रसिद्ध केली आणि २००१ मध्ये माणसांना मानसिकदृष्ट्या अंकित करणाऱ्या संघटनांविरुद्ध कायदा झाला. जर्मन संसदेच्या चौकशी समितीने उलट दिशेने विचार केला: १९९८ च्या अहवालात तिने सरकारी व्यवहारात हा शब्द टाळावा अशी शिफारस केली, कारण थोड्या गटांच्या गुन्ह्यांचा कलंक तो अनेक निरुपद्रवी गटांवर लावतो. जर्मनीने घेतलेली ही काळजी अधिक विवेकाची म्हणावी लागेल. गुन्हा घडला असेल तर त्याचे नाव कायद्यात असतेच, त्यासाठी श्रद्धेला नाव ठेवण्याची गरज नसते. राजकारणातही हा शब्द शिरला आहे. मार्क्सने १८६८ च्या एका पत्रात अशी टीका केली की सेक्ट आपले अस्तित्व वर्गाशी असलेल्या समान हितात न शोधता आपल्या वेगळेपणाच्या खुणेत शोधतो, आणि तेव्हापासून डाव्या चळवळीत ‘सेक्टेरियन’ ही एकमेकांना द्यायची शिवी झाली. उत्तर आयर्लंडच्या संदर्भात मात्र त्याच विशेषणाचा अर्थ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतील वैर असा होतो, आणि तेथे दोन्ही बाजू पिढ्यानपिढ्या जन्माने ठरलेल्या असल्याने वेबरची व्याख्या अगदी उलटी होते.

भारतात हा शब्द कंपनी काळातील अभ्यासकांनी आणला. होरेस हेमन विल्सन याने हिंदूंच्या ‘सेक्टां’विषयीचा आपला निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये १८२८ आणि १८३२ मध्ये दोन भागांत छापला आणि शैव, वैष्णव, शाक्त परंपरांची त्याने केलेली मांडणी पुढे बराच काळ आधारभूत राहिली. भाषांतर म्हणून त्याची निवड वावगी नव्हती, कारण ‘पंथ’ म्हणजेही वाटच. परंतु चर्चविरुद्ध सेक्ट ही युरोपीय जोडी सोबत आली आणि येथील वस्तुस्थितीशी तिचा मेळ बसेना. वारकरी स्वेच्छेने माळ घालतो, आषाढी-कार्तिकीला पंढरीची वाट धरतो, आणि तरीही आपली जात, कुळाचार व घरचे देव सोडून बाहेर पडत नाही. त्याच्या निवडीत फूट अंतर्भूत नाही. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात प्रवर्तित केलेल्या महानुभाव पंथाने अन्य देवतांची उपासना आणि वर्णभेद नाकारला, स्वतःच्या सांकेतिक लिप्यांत ग्रंथ जपले आणि मोठ्या समाजापासून अंतर राखले. ट्रॉल्चच्या व्याख्येला तो अधिक जवळचा आहे. दोघांनाही इंग्रजीत ‘सेक्ट’ म्हणताना हा फरक पुसला जातो.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अनुच्छेद २६ मध्ये ‘डिनॉमिनेशन’ म्हणजे धर्मसंप्रदाय हा शब्द योजला आणि अशा संप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला. त्याचा अर्थ ठरवण्याचा प्रसंग १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी कोशाचा आधार घेतला आणि आचार्यांच्या नावाने चालत आलेल्या पंथ-उपपंथांपैकी प्रत्येकाला धर्मसंप्रदाय म्हणता येईल, असे सांगितले. शब्दाची व्याख्या आता मठाच्या मालमत्तेचा आणि कारभाराचा निर्णय करू लागली होती. पुढे १९८२ मध्ये श्रीअरविंदांच्या विचारांवर उभारलेल्या ऑरोव्हिल या वसाहतीच्या व्यवस्थापनाचा वाद न्यायालयापुढे आला असता समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळे नाव या तीन कसोट्या लावण्यात आल्या, आणि श्रीअरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे, म्हणून त्यांचे अनुयायी धर्मसंप्रदाय ठरत नाहीत, असा बहुमताचा निर्णय झाला. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी संबंधित कायदा वैध मानला, परंतु श्रीअरविंदांच्या अनुयायांना धर्मसंप्रदायाचे स्थान आहे, असे आपले वेगळे मत त्यांनी निकालपत्रात नोंदवले.